फरकाचा रकाना

सर गेल्याचे कळले तेव्हा मी पुण्यात होतो. गावी पोहोचेपर्यंत अग्निसंस्कार होऊन गेला होता; निदान अस्थी सोडताना तरी हजर असावे म्हणून मी थांबलो, आणि त्या दोन दिवसांत सरांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या काकूंनी, ओटीवरचे लाकडी कपाट माझ्यापुढे उघडून ठेवले. आत नुसत्या वह्या होत्या. देवळाच्या उत्सवाच्या जमाखर्चाच्या, विहिरींच्या पाण्याच्या, कासवांच्या अंड्यांच्या, भरती-ओहोटीच्या, दहावीच्या निकालांच्या. काही पुठ्ठ्याच्या बांधणीच्या, तर काही मुलांच्या जुन्या वह्यांतली कोरी पाने काढून दाभणाने शिवलेल्या. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले रकाने होते आणि, अगदी जुन्या वह्या सोडल्या तर, विषय कोणताही असला तरी शेवटच्या रकान्याचे नाव एकच होते : फरक. आधी अपेक्षित किती ते लिहायचे, मग प्रत्यक्षात किती भरले ते, आणि शेवटी फरक. हा रकाना कोरा असलेले पान मी शोधत राहिलो. सापडले नाही. जिथे काहीच फरक नव्हता तिथेही त्यांनी शून्य लिहून ठेवले होते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात, हर्णै आणि केळशी यांच्या मधल्या किनाऱ्यावर, खाडीच्या काठी आमचे गाव आहे. तिथल्या माध्यमिक शाळेत सरांनी तीस-एक वर्षे गणित शिकवले आणि निवृत्तीनंतरची वीस-बावीस वर्षे गावाची मोजदाद करण्यात घालवली. गाव त्यांना मास्तर म्हणे, आम्ही विद्यार्थी सर म्हणत असू. त्यांच्या स्वभावात गोडवा होता असे मी म्हणणार नाही. ते चटकन चिडत, उशिरा येणाऱ्या मुलाला दारातच पाढा विचारीत, आणि पुस्तकामागचे उत्तर पाहून गणित सोडवणाऱ्याशी दोन दिवस बोलत नसत. तरीही त्यांच्या अंत्ययात्रेला हर्णै बंदरावरची मंडळी त्या दिवशीचा लिलाव सोडून आली होती, असे मला काकूंनी सांगितले. बंदर ज्याने पाहिले आहे त्याला या वाक्याचे वजन कळेल.

आठवीत त्यांच्या पहिल्याच तासाला आम्ही नऊचा ताळा शिकलो. फळ्यावर ३४७ गुणिले २६ असे गणित होते आणि उत्तर आले होते ९०२२. तीन, चार, सात मिळून चौदा, चौदाचे पाच. दोन आणि सहा आठ. पाच आठे चाळीस, चाळीसचे चार. आता उत्तरातले आकडे मिळवा : नऊ, शून्य, दोन, दोन मिळून तेरा, तेराचे चार. चारला चार जुळले, वर्ग खूश झाला. मग सरांनी बोटाने मधले दोन आकडे पुसले आणि त्यांची अदलाबदल करून ९२०२ लिहिले. पुन्हा ताळा करायला सांगितला. पुन्हा चार आले. उत्तर तर आमच्या डोळ्यांदेखत चुकवले होते. सर म्हणाले, ‘‘ताळा चुकला, तर उत्तर नक्की चुकले. ताळा जुळला, तर एवढेच कळते की चूक अजून सापडलेली नाही.’’ मी पुढे लेखापरीक्षणाच्या नोकरीत आयुष्य काढले. त्या व्यवसायातली जाडजूड पुस्तके वाचली, परीक्षा दिल्या, पण त्या वाक्याच्या पुढे फारसा गेलो असे मला वाटत नाही.

पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे आमच्या वेळी अभ्यासक्रमातून गेलेले होते. सरांनी ते पुन्हा वर्गात आणले, आणि पाऊणकी तर थेट समुद्रावरून आणली. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना भरतीची वेळ काढायला घड्याळ किंवा कोष्टक लागत नसे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हे त्यांना तोंडपाठ असे. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास खाडी तुडुंब भरणार. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि भरती त्याच्यामागोमाग सरकते, हे त्यामागचे कारण. आम्ही हे मोठ्या अभिमानाने पाठ केले, कारण गणिताचा पाढा आणि आजोबांचे शहाणपण एकच निघणे ही गोष्ट शाळेत वारंवार घडत नसते.

नववीत असताना मला त्यात एक खोट दिसली. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी; पंधरा पाऊण सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा. एक पाऊण पाऊण, म्हणजे दुपारी पाऊण वाजता. रोज पाऊण तासाने सरकणारी भरती एवढ्या एकाच दिवशी दीड तासाची उडी कशी मारते? मी घाबरत घाबरत विचारले. सर बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, ‘‘हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते.’’ शिक्षकाच्या तोंडून असे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले, आणि खरे सांगायचे तर मला त्याचा आनंद होण्याऐवजी भीतीच वाटली.

त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत, वैशाखी पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत, आम्ही सात-आठ मुले पाळीपाळीने खाडीच्या धक्क्यावर बसलो. वितीवितीवर रंगाचे पट्टे ओढलेला एक बांबू पाण्यात रोवला होता आणि दर पाव तासाला पाणी कोणत्या पट्ट्याला लागले ते लिहायचे होते. पंधरा दिवसांनी जे हाती आले ते पाढ्यापेक्षा पुष्कळ अधिक गुंतागुंतीचे होते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, भरती रोज पाऊण तासाहून कमी सरकते, आणि अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, एकेक तास किंवा त्याहूनही जास्त सरकते. त्यामुळे पक्षाच्या सुरुवातीला पाढा पाण्याच्या पुढे धावतो आणि दशमी-एकादशीला मागे पडतो. शिवाय खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा येते. सरांनी सगळे आकडे मांडले आणि साधा हिशेब केला : पौर्णिमा आणि अमावास्या या दोन्ही दिवशी भरती जवळपास त्याच वेळेला येते, म्हणजे पंधरा तिथींत घड्याळाच्या काट्याचा बारा तासांचा एक फेरा पुरा होतो. बारा भागिले पंधरा म्हणजे चार-पंचमांश तास, अर्थात ४८ मिनिटे. पाऊण तास म्हणजे ४५. रोजची ही तीन-तीन मिनिटे पंधरा दिवस साठत जातात आणि पक्ष संपताना उरलेली पाऊण तासाची थकबाकी पाढा एका उडीत चुकती करतो.

मग जुन्या माणसांनी चार-पंचमांश का नाही घेतले, असे कोणीतरी विचारले. सर हसले. ‘‘चार-पंचमांशाचा पाढा कोणाला येतो? पाऊणकी सगळ्यांना येत होती. होडी काढायला तीन मिनिटांनी काय अडते?’’ नियम कुठे मोडतो ते समजल्यावरही त्यांनी पाऊणकी शिकवणे सोडले नाही. त्यांनी फक्त वहीत एक रकाना वाढवला. माझ्या समजुतीप्रमाणे फरकाच्या रकान्याची सुरुवात तिथून झाली. निदान कपाटात सापडलेली त्याआधीची कोणतीही वही तसा रकाना दाखवत नाही.

नऊ या आकड्यावर त्यांचे विशेष प्रेम होते, आणि त्याची एक हकिगत गावात अजून सांगतात. एका वर्षी उत्सवाच्या हिशेबात ६३ रुपये कमी भरले. रक्कम फार मोठी नव्हती, पण खजिनदार गरीब माणूस होता आणि कुजबुज सुरू झाली होती. काही मंडळींनी उदार होऊन वर्गणी काढून भरपाई करू असे सुचवले. सरांनी ते साफ नाकारले. भरपाई केली तर त्या माणसाने पैसे खाल्ले हे आपण सर्वांनी मान्य केल्यासारखे होईल, असे त्यांचे म्हणणे होते. रात्री एक वाजेपर्यंत सभामंडपात कंदील जळत राहिला. ‘‘त्रेसष्ट नवाच्या पाढ्यात आहे, तेव्हा आकडे उलटे पडले असणार,’’ असे म्हणून त्यांनी पावतीपुस्तकाची पाने एकेक करून वहीशी ताडून पाहिली. दोन आकडी संख्येतले अंक उलटले की येणारा फरक नेहमी नवाच्या पटीत असतो. अखेर सापडले : एका पावतीवर १८ रुपये होते आणि वहीत ८१ लिहिले गेले होते. खजिनदार तिथेच भिंतीला टेकून रडला. बाकीचे पंचही जागेच होते, पण ते झोपेने चिडलेले होते, हेही नोंदवले पाहिजे. एरवी साडेसात रुपयांसाठीसुद्धा सर सभा अशीच अडवून ठेवत. तो हट्ट मला तेव्हा पटत नसे आणि आजही पूर्णपणे पटलेला नाही. दर वेळी कोणाची अब्रू पणाला लागलेली नसते.

डहाणूला १९०५ साली जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर सरांचे दैवत होते. देवळालीच्या शाळेत शिक्षकी करता करता कापरेकरांनी ६१७४ या संख्येचा गुण शोधून काढला : कोणतीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत, आकडे उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तिथून हलत नाही. एसटीच्या थांब्यावर गाडी लांबली की सर आम्हाला गाड्यांच्या नंबरांवर हा खेळ खेळायला लावीत. एकदा त्यांनी कापरेकरांचे जन्मसालच घेतले. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि ६१७४. बरोबर सात पायऱ्या, एकही कमी नाही. ‘‘बघा, जन्मालाच सर्वांत लांबचा रस्ता घेऊन आले होते,’’ असे ते म्हणाले. सरांना आवडणारा भाग मात्र पुढे होता : ६१७४ हीसुद्धा नवाच्या पाढ्यातलीच संख्या आहे, कारण पहिल्याच वजाबाकीत नऊ आत शिरतो आणि पुन्हा बाहेर पडत नाही. ६८६ नवे ६१७४. हे शोधून काढायला त्यांनी आम्हाला आठवडा दिला होता.

तालुक्यातल्या थोरांबद्दल ते मोजकेच बोलत. आमच्या शेजारच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले, झाले, तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय, हे शाळेच्या भिंतीवर लिहिलेले होते. सरांना मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट अधिक जवळची वाटे. कर्वे पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात गणितच शिकवत होते, पण सर सांगत ती गोष्ट त्याआधीची : परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत डोंगर तुडवत पायी गेलेल्या मुलाला, तो सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून, बसू दिले नाही. ‘‘वय मोजायची गोष्ट आहे,’’ सर म्हणत, ‘‘आणि त्यांनी ते बघून ठरवले.’’

असेच बघून ठरवण्याची चूक सरांच्या हातून एकदा झाली, आणि ती त्यांनी लपवली नाही. माझ्या पुढच्या वर्गात बंदरावरची एक मुलगी होती. आईबरोबर ती मासळीच्या लिलावात उभी राहत असे. पावणेतीनशेला चार पाट्या घेतल्या तर एक पाटी केवढ्याला पडली, हे विचारून सर खडू उचलीपर्यंत ती ‘अडुसष्ट रुपये बारा आणे’ म्हणून मोकळी होई. सरांना वाटे की ती कोणाचे तरी ऐकून सांगते. पायऱ्या लिही, रीत दाखव, असा त्यांचा आग्रह असे; तिला पायऱ्या लिहिता येत नसत, कारण तिच्या डोक्यात पायऱ्या नव्हत्याच. दहावीला तिने नुसती उत्तरे लिहिली आणि ती थोडक्या गुणांनी गणितात राहिली. तिची आजी शाळेत आली आणि ओसरीवर उभी राहून म्हणाली, ‘‘पोरीचा हिशेब चुकला नाय, मास्तर. तुमचा पेपर चुकला.’’

मुलगी पुन्हा परीक्षेला बसली नाही. सर मात्र त्या पावसाळ्यानंतर आठवड्यातून तीन संध्याकाळी हर्णैला जाऊ लागले. जाळी दुरुस्त करत बसलेल्या माणसांच्या मुलांना ते शिकवीत, पैसे घेत नसत, आणि शिकवण्याआधी मुलांनाच त्यांची रीत विचारीत. तोंडी हिशेब कागदावर कसा उतरवायचा, हाच तिथला अभ्यासक्रम होता. खाडीवर पूल नव्हता तेव्हा परतीची शेवटची होडी चुकली की ते पलीकडेच कोणाच्या तरी पडवीत झोपत. निकालांच्या वहीत त्या वर्षाचे पान मी पाहिले. उत्तीर्ण होतील असे वाटलेले किती, झालेले किती, हे लिहून शेवटच्या रकान्यात एक हा आकडा होता, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात ‘माझी चूक’ असे लिहिलेले होते.

विहिरींच्या वह्यांबद्दल थोडक्यात सांगतो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर तो तीन लाख लिटर होतो. हे गणित फळ्यावर सोडवून झाल्यावर, मग वैशाखात हंडा घेऊन माणसे कुठे निघतात, असा सरांचा पुढचा प्रश्न असे. जांभ्या दगडातून आणि उतारावरून पाणी किती लवकर निघून जाते हे दाखवायला ते गाठी मारलेला दोर घेऊन दर पंधरवड्याला गावातल्या विहिरी मोजत. कोणत्या आळीने शिंपणे केव्हा कमी करायचे, हे पुढे त्या वहीवरून ठरू लागले. आकड्यांच्या नावांचीही एक आठवण आहे : २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आले आणि महाराष्ट्रभर वाद पेटला, तेव्हा मी त्यांना फोन केला. ते चिडतील अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, ‘‘वीस एकने कळत असेल तर म्हणू दे. बाजारात एकवीसच ऐकायला येणार आहे, तेही कळू दे. तू जेवलास का?’’

कासवांकडे ते निवृत्तीनंतर वळले. शेजारच्या मंडणगड तालुक्यात वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि हळूहळू ते काम आमच्या बाजूच्या किनाऱ्यांवरही आले. थंडीच्या दिवसांत मादी रात्री वाळूत येते, खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. पहाटे तिच्या पावलांची नक्षी शोधत जायचे, कोल्ह्याकुत्र्यांच्या आधी अंडी काढायची आणि कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरायची. सर त्या मुलांबरोबर पहाटे चालत आणि अंडी मोजत. मोजणी दोघांनी स्वतंत्रपणे करायची आणि आकडे एकमेकांना आधी सांगायचे नाहीत, हा त्यांनी घालून दिलेला नियम. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले वर येत, तेव्हा निघालेली पिल्ले, न फुटलेली अंडी आणि आतच मेलेली पिल्ले यांचे वेगवेगळे रकाने भरले जात. पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना पिल्ले समुद्राकडे धावताना पाहायची असत. सर त्यांना आधी न फुटलेल्या अंड्यांचा आकडा सांगत. पाहुण्यांचे चेहरे उतरत. एका बाईंनी तर, मुलांसमोर हे कशाला सांगता, असे विचारले होते. सरांनी उत्तर दिले नाही. त्यांनी मुलाच्या हातात वही दिली आणि त्यालाच टक्केवारी काढायला लावली.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. त्या दिवशी ज्येष्ठ शुद्ध द्वादशी होती. बारा पाऊण नऊ. सकाळीच सरांनी पाखाडीवरून ओरडून सांगितले की भरती सकाळीच होऊन जाईल, वारा दुपारी यायचा आहे, तेव्हा पाणी उतरणीला असेल. समुद्र आगरात, म्हणजे बागेत, शिरेल या भीतीने कोणी घर सोडून धावू नये, मात्र झाडांखाली आणि कौलांखाली कोणी थांबू नये. समुद्र आत आला नाही. वाऱ्याने मात्र नारळी-पोफळी काडीसारख्या मोडल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची आगरे एका दुपारी आडवी झाली. ज्या वाटांवर भर उन्हातही सावली असे तिथे दुसऱ्या दिवशी आकाश दिसत होते.

टाळेबंदीचे दिवस होते. पंच्याहत्तरी ओलांडलेले सर, तोंडाला रुमाल बांधून, दहा-बारा मुलांना घेऊन आगरे पालथी घालू लागले. पडलेल्या प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर चुन्याची फुली, म्हणजे ते दुसऱ्यांदा मोजले जाणार नाही. बागायतीला हेक्टरी ५० हजार रुपयांची मदत जाहीर झाली तेव्हा त्यांनी गुंठ्याचा हिशेब करून दाखवला. आमच्याकडे पाच गुंठ्यांचे आगर असलेली घरे पुष्कळ. त्यांच्या वाट्याला सुमारे अडीच हजार रुपये येत होते. त्या पाच गुंठ्यांत दाटीने लावलेली किती झाडे उभी होती आणि ती पुन्हा फळ धरू लागायला किती वर्षे लागतील, ते त्यांनी घरागणिक लिहून काढले, अर्ज भरून दिले, आणि सही करता न येणाऱ्यांचे अंगठे स्वतः उमटवून घेतले. त्या वहीतला फरकाचा रकाना मी वाचला आणि वही मिटली.

अस्थी सोडायच्या दिवशी माघ वद्य पंचमी होती. ओहोटी लागल्यावर सोडायच्या, म्हणजे पाणी त्यांना बाहेर नेईल, असे ठरले. पाच पाऊण पावणेचार. काकूंनी भरतीची वही माझ्या हातात दिली, का ते सांगितले नाही. धक्क्यावर पन्नास-साठ माणसे उभी होती. होडी बंदरावरच्या त्या मुलीच्या घरची होती; आता तिचे केस माझ्यासारखेच पांढरे झाले आहेत आणि तिच्या दोन बोटी पाण्यात आहेत. ती काठावर बसून पाण्याकडे पाहत होती. तिच्याकडे घड्याळ नव्हते, आणि मी माझ्या घड्याळावरून नजर काढत नव्हतो. मुलगे पावणेचारची वाट पाहत गप्पा मारत होते.

‘‘फिरलं पाणी,’’ ती म्हणाली.

मी पाहिले. खुंटाला लागलेला केरकचरा क्षणभर जागच्या जागी थांबला होता आणि मग समुद्राच्या दिशेने सरकू लागला होता. तीन वाजून बावीस मिनिटे झाली होती. मी वही गुडघ्यावर घेतली, तिथी लिहिली, अपेक्षित वेळ लिहिली, प्रत्यक्ष वेळ लिहिली, शेवटच्या रकान्यात तेवीस हा आकडा लिहिला, आणि होडी ढकलायला पाण्यात उतरलो.